फरासाची सायकल आणि गाडीचं वंगण

उत्तरेश्वर बीडच्या कचेरीत फरास होता. म्हणजे साहेबलोक यायच्या आत झाडलोट करायची, सतरंज्या अंथरायच्या, दौती भरून ठेवायच्या. निजामाचं राज्य, त्यात कचेरीचा जमादार कडक. गाव तीन कोसांवर, नेकनूरच्या रस्त्याला. उन्हाळ्यात तो पायी पोचायचा. पण हिवाळ्यात दिवस उगवायलाच आळस करी, धुक्यात वाट सापडत नसे, आणि थंडी बघून कचेरी काही उशिरा उघडत नसे. मागचा अख्खा हिवाळा त्यानं कचेरीच्या पडवीत पडशी उशाला घेऊन काढला होता.

औंदा गोष्ट वेगळी होती. औंदा भिवराबाई नांदायला आली होती. आणि जमादारानं बजावून ठेवलं होतं, की एक दिवस जरी उशीर झाला तरी पडशी घेऊन बीडात यायचं, थंडी सरेपर्यंत गावाचं तोंड बघायचं नाही.

तेवढ्यात बातमी लागली. कचेरीतल्या अमीनसाहेबांनी मोटार घेतली, जुनी सायकल नुसती पडून आहे, आणि घरातल्या तान्ह्या लेकराला शेळीचं दूध हवंय. भिवराबाईनं सायकलीच्या बदल्यात द्यायला माहेरची दुभती शेळी स्वतःच्या हातानं खुंट्याची सोडली. उत्तरेश्वर काही बोलायला गेला, तर तिनं दाव्याचं टोक त्याच्याच हातात दिलं.

सायकल आली आणि गाव गोळा झालं. मग तिचा हिवाळ्याचा साज सुरू झाला. बैलाच्या जुन्या झुलीच्या पट्ट्या मुठींना गुंडाळल्या, बैठकीवर घोंगडीचा तुकडा शिवला. बाभळीचा काटा रुतायच्या आत झटकला जावा म्हणून चाकाला घासेल-न घासेल अशी चपलेच्या चामड्याची पट्टी बांधली. पुढं तारेत कंदील अडकवला. नवरीसुद्धा इतकी सजली नसेल हो!

साखळी कुरकुरत होती. उत्तरेश्वरचा चुलता तात्याबा गाडीवान. तो गाडीखालचा वंगणाचा नळा घेऊन आला. एरंडेल, राळ आणि जळक्या चिंध्यांची काजळी. घरचं वंगण. एवढं घट्ट साखळीला चालेल का, असं उत्तरेश्वरनं भीतभीतच विचारलं.

"कावून न्हाई चालणार? आमच्या गाड्या ह्याच्यावर धारूरचा घाट चढत्यात," तात्याबा म्हणाला. "ही काय लई लाडाची हाय का बे?"

आणि त्यानं साखळी, चाकांचे आस, पायडलं, सगळं लडबडून काढलं. दुपारच्या उन्हात सायकल अशी काही पळाली, की उत्तरेश्वरनं मारुतीच्या पाराला वेढ्यावर वेढे घातले. रात्री तिला गोठ्यात बैलाशेजारी उभं केलं, वर झूलही पांघरली.

झुंजुमुंजू व्हायच्या आधी त्यानं टांग टाकली. पायडल हलेना. जोर लावला तर साखळी करकरली, पण चाक जागचं हलेना. थंडीनं रातोरात वंगणाचा डिंक करून टाकला होता! पूर्वेला फटफटायला लागलं. उत्तरेश्वरनं आत जाऊन खुंटीवरची पडशी काढली.

भिवराबाईनं ती हातातून ओढून घेतली.

"केसाचं तेल गोठलं तर आमची काय वेणी घालायची ऱ्हाती का? इकडं आणा तिला."

तिनं घमेल्यात चुलीतले निखारे भरले, सायकल उलटी करवली आणि निखारे फिरवत राहिली. हळूहळू वंगण घामासारखं सुटलं, ठिपकू लागलं. मग कंदिलातलं सगळं घासलेट चिंधीवर ओतून दोघांनी साखळीची कडी न् कडी पुसली, वर चार थेंब गोडंतेल सोडलं. चाकाला बोट लावलं, तर ते आपलं फिरतच राहिलं.

कंदील कोरडा, पण आता उजाडलंच होतं. उत्तरेश्वर निघाला तो वाऱ्यासारखा. कानाला मुंडासं, नाकातून वाफा, रस्त्यावरच्या गाड्यांचे बैल बिचकून बाजूला. उतारावर तर त्यानं एकट्यानंच आरोळी ठोकली.

जमादार नुकतंच कुलूप काढत होता. त्यानं उत्तरेश्वरचे काळे हात बघितले, तोंडावरचे फराटे बघितले, आणि पडशी कुठाय म्हणून विचारलं.

"पडशी घरी हाय, जमादारसाब," उत्तरेश्वर झाडू उचलत म्हणाला, "आन् सांजंला मी भी घरीच."