टोकाचं एकटं पान

मला एक सवत होती. भिलाईत, रिसालीच्या आमच्या घरी, अंगणाच्या पूर्वेच्या कोपऱ्यात, हिरव्या जाळीखाली राहायची. उंचीने माझ्या कोपरापर्यंतही नाही. उथळ कुंडी, खाली ओल्या रेतीचा ट्रे, आणि दिवसातून दोनदा झारी घेऊन तिच्यापुढे वाकलेला माझा नवरा. या माणसाने प्यायलेल्या चहाचा कप कधी मोरीपर्यंत नेला नाही, हे मी इथे मुद्दाम सांगून ठेवते.

झाड अंगूचं. इंग्रजीत त्याला ॲश म्हणतात. स्टील प्लांटमध्ये ह्यांच्या शॉपला, म्हणजे खात्यात, एक गढवाली सहकारी होते. त्यांनी गावाहून येताना ओल्या फडक्यात गुंडाळून बोटभर रोप आणून दिलं होतं. हिमालयातलं झाड, भिलाईच्या उन्हात एक मे महिनासुद्धा काढणार नाही, असं सगळ्यांनी सांगितलं. मीही सांगितलं. पण आमचे हे भंडाऱ्याकडचे. नाही म्हटलं की करून दाखवायचं, हा त्या घराण्याचा गुण आहे. झाड जगलं, आणि ह्यांनी त्याचं बोन्साय करायला घेतलं.

अंगूच्या फांद्या जोडीने फुटतात, समोरासमोर. दोन्ही राहू दिल्या तर जिकडेतिकडे बेचक्या होतात. म्हणून जोडीतली एक काढायची. कुठली काढायची यावर हे आठवडाभर विचार करायचे, अगदी मुलीसाठी स्थळ पाहिल्यासारखा. वाकवायला मोटरच्या वाइंडिंगची तांब्याची तार. ती मऊ करायला माझ्या गॅसवर तापवायची, आणि माझी पोळी तोवर थांबायची. फांदी भराभर जाड होते, तार वेळेत काढली नाही तर सालीत रुतते, म्हणून लग्नाला गावी गेलो तरी ह्यांचं अर्धं लक्ष तारेत. मी चिडायचे, टोमणे मारायचे. पण हिवाळ्यात पानं गळून गेली की त्या उघड्या फांद्यांकडे मीही बघत बसायचे. एवढंसं झाड, पण जुनं वाटायचं. हे मी त्यांना कधी बोलले नाही.

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात ह्यांच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. डावा आधीच अधू, जवळचं तेवढं दिसायचं. रायपूरला ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं, मान खाली. झोपताना पालथं, जेवताना खाली, बोलतानाही खाली. तो बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. मान वर केली तर पडदा पुन्हा सुटेल, आणि मग आमच्या हातात काही नाही. मी ते वाक्य घरापर्यंत गाडीत मनातल्या मनात म्हणत आले.

नवतपा, मेअखेरचे आगीचे नऊ दिवस, सुरू होता. मधल्या खोलीत कूलरसमोर पलंग लावला, गोधडीची चुंबळ करून त्यात ह्यांचं कपाळ टेकवलं. तोंड पलंगाच्या कडेला, खाली फरशी. बस, तेवढंच जग. ज्या माणसाला पाच मिनिटं एका जागी बसवत नाही, तो पालथा पडून होता, आणि त्याचा पहिला प्रश्न काय?

"झाड कसं आहे?"

"मस्त आहे. तुम्ही मान खाली ठेवा."

"दुपारी टाकीचं पाणी नको देऊ त्याले. उकळते ते. कूलरचं काढून दे. थंडं राहते. पहाडातलं झाड आहे, त्याले थंडं पायजे."

"देऊन राहिली ना मी."

आमच्याकडे सगळेच असं करतात. छतावरच्या टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देतं, कूलरच्या टाकीत मात्र गार पाणी असतं. ते कोण फेकून देणार? एरवी ह्यांना सवड असायची, सकाळी नळ आला की झारी भरून घ्यायचे. आता मला नळ, स्वयंपाक, दर दोन तासांनी डोळ्यात थेंब, यातून कुठे जमणार. मी दोन्ही वेळा कूलरमधूनच लोटा बुडवून नेत होते.

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या. मला वाटलं, ऊन. मी आणखी पाणी घातलं. कडा आत सरकल्या, पानं कुरकुरीत व्हायला लागली, काही गळून रेतीत पडली.  आत हे विचारताहेत झाड कसं आहे, आणि मी बाहेर गळलेली पानं पदरात गोळा करतेय. सांगावं, तर हा माणूस उठून अंगणात येणार. त्यांचा स्वभाव मला ठाऊक नाही का? न सांगावं, तर बारा वर्षांचं झाड माझ्या हातून जाणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं.

मग एका सकाळी कूलर वास मारायला लागला म्हणून मी तो धुवायला काढला. त्याच्या जाळ्यांतलं गवत दगडासारखं झालेलं, वर पांढरी पुटं. टाकीच्या कडेलाही पांढरी रेघ. अगदी तशीच रेघ मी कुंडीच्या काठाला पाहिली होती. मी कूलरचं पाणी बोटावर घेऊन जिभेला लावलं. खारट. दिवसभर कूलर पाणी उडवतो, खार मागे ठेवतो, आपण वरून भरत राहतो, आणि तेच पाणी मी त्या वीतभर कुंडीत ओतत होते. जमिनीतल्या झाडाला चाललं असतं. याला पाय पसरायला जागा कुठे होती?

मी ओसरीवर बसून राहिले. आता तर सांगणं शक्यच नव्हतं. पाणी मी घातलं होतं, पण सांगितलं ह्यांनीच होतं. बारा वर्षं लेकरासारखं सांभाळलेलं झाड आपल्याच तोंडच्या शब्दाने गेलं, हे त्या पालथ्या पडलेल्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगू?

त्या दिवसापासून मी चोरून कामाला लागले. सकाळी नळाचं गार पाणी माठांत भरायचं आणि कुंडीतून हळूहळू सोडत राहायचं, खालून वाहून जाईपर्यंत, पुन्हा पुन्हा. करपलेली पानं देठ ठेवून कात्रीने काढायची. ह्यांना पावसाळ्याच्या तोंडावर तसं करताना पाहिलं होतं, तेवढंच माझं शिक्षण. कात्रीचा आवाज आत जाऊ नये म्हणून आधी मिक्सर लावायचे. इतकी चटणी आमच्याकडे कधी झाली नाही.

अशात समोरचे भाईसाहब ह्यांना भेटायला आले. प्लांटमधले ह्यांचे जुने सोबती, बिहारचे, मनाने सोनं, पण पोटात गोष्ट राहील तर शपथ. फाटकातून येताना त्यांची नजर जाळीखाली गेली ती मी पाहिली. मी पाणी घेऊन धावले, पण ते माझ्या आधी पलंगाजवळ पोचले.

"अरे भाई, बाहर तुम्हारा वो पेड़ तो..."

 मी हातातला स्टीलचा ग्लास फरशीवर सोडला. आवाज असा झाला की हे दचकले आणि त्यांची मान वर आली. मी दोन्ही हातांनी त्यांचं डोकं चुंबळीत दाबून धरलं.  ग्लास मीच पाडला होता, आणि डोळा गेला असता तर तोही माझ्यामुळेच. भाईसाहबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धं ठेवलं. "बढ़िया है, बढ़िया है," म्हणून ते क्रिकेटवर गेले.

ते गेल्यावर हे फरशीकडे बघत म्हणाले, "का म्हणून राहिले होते ते झाडाचं?"

"बढ़िया आहे म्हणे. ऐकलं ना तुम्ही."

"मग ग्लास कावून पाडला?"

"घामानं निसटला."

मी ग्लास उचलून फरशी पुसायला लागले. मग ते म्हणाले, "एक पान आणून दे मले."

मी अंगणात गेले. झाडावर धड असं एकही पान उरलं नव्हतं. जी होती ती हातात घेताच चुरा होत होती. फाटकाजवळ कडुनिंब होता, हिरवागार, मेला उन्हाळा त्याला मानवतो. अंगूचंही पान तसंच असतं, एका देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पानं, कातरलेल्या कडांची. मी निंबाचं कोवळं पान तोडलं, नळाखाली धुतलं, वास जावा म्हणून पदराला पुसलं, आणि त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी मान हलवली नाही. बोटांनी देठापासून टोकापर्यंत ते चाचपलं. मग पुन्हा देठापासून टोकापर्यंत. 

"बरं," ते म्हणाले, आणि पान उशाखाली ठेवलं.

मला वाटलं, निभावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ते म्हणाले, "आजपासून कूलरचं पाणी नको देऊ झाडाले."

"कावून?"

"वास येते त्याले. माठाचं दे."

मी देवाचे आभार मानले. कूलरच्या वासाने माझं काम सोपं केलं होतं. मी माठ आता उघडपणे भरायला लागले. हे झाडाबद्दल विचारायचे थांबले, तेही मी डोळ्याच्या काळजीवर ढकललं. तोवर झाडाचं एकही पान राहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी तपासून मान वर करायला परवानगी दिली. पडदा बसला होता. रायपूरहून परतताना गाडीत मी बडबडत होते, हवेची, मुलीच्या फोनची, कशाचीही. फाटक उघडल्यावर ह्यांनी काळा चष्मा सारखा केला आणि सरळ जाळीकडे चालायला लागले. मी मागून जाऊन हात धरला.

"थांबा. ऐका आधी. ते पाणी..."

"खार," ते म्हणाले. "कूलरचा."

मी धरलेला हात सोडला.

"पडल्यापडल्या दुसरं होतं का पाहाले? कूलरचा थेंब फरशीवर पडे, वाळे, अन् पांढरा डाग राहे. दिवसभर तेच. तरी वाटलं, झाड सोसते. मग तू पान आणलं."

"ते पान..."

"अंगूच्या पानाले टोकाशी एक एकटं पान राहते. तुझ्या पानाले नव्हतं."

म्हणजे निंबाचं पान हातात घेतलं तेव्हाच ह्यांना कळलं होतं की झाड गेलं, आणि आपल्याच सांगण्याने गेलं. त्यानंतरचे सगळे दिवस ते फरशीवरचे डाग बघत पालथे पडून होते. एकदाही मान उचलली नाही. माझा राग उसळला, इतके दिवस पोटात धरलेला सगळा.

"मग बोलले कावून नाई? मी इथं मरून राहिली होती खोटं बोलून बोलून!"

ते झाडापाशी वाकले होते. एका उघड्या फांदीच्या पेरावर एक कोंब वर आला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. दुसऱ्या फांदीवर काही नव्हतं, ती वाळलीच होती. त्यांनी चष्मा काढून तो कोंब उजव्या डोळ्याने बराच वेळ पाहिला.

"बोललो असतो तं तू रडली असती," ते म्हणाले. "अन् तू रडली असती तं मी उठलो असतो."

मी स्वयंपाकघरात गेले, गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि तिथेच ओट्याला धरून रडायला लागले. अंगणातून चपलांचा आवाज आला. हे झाड सोडून आत आले होते.