चाखलेला मध

शेजारणीशी माझी ओळख भांडणाने झाली. पहिल्या लॉकडाऊनमधला रविवार होता. ऑस्ट्रेलियातल्या स्प्रिंगफील्ड लेक्स या उपनगरात आमची घरं एकमेकांना खेटून, मध्ये फक्त लाकडी कुंपण. पलीकडे एक नायजेरियन जोडपं नुकतंच राहायला आलं होतं. त्यांचं चर्च बंद झाल्यामुळे ते टीव्हीवर प्रार्थना लावत आणि तिच्यासोबत टाळ्या, नाच आणि खणखणीत गाणी चालत. मला भक्तीचं वावडं नाही, पण त्या दिवशी माझं डोकं दुखत होतं आणि मुळात मी तापट. तरातरा गेले आणि दार वाजवलं.

दार तिने उघडलं. तिशी ओलांडलेली, अंगात पिवळाधमक झगा. "सॉरी आंटी," असं इतक्या मनापासून म्हणाली की माझा अर्धा राग तिथेच गेला. उरलेला अर्धा तिच्या मागच्या खिडकीकडे बघताना गेला. खिडकीत क्रूस होता आणि त्याच्या शेजारी पिवळ्या कापडावर पाण्याने भरलेलं पितळेचं भांडं, काही संत्री आणि मधाची बाटली. पितळ इतकं लख्ख घासलेलं मी ऑस्ट्रेलियात फक्त माझ्याच देवघरात पाहिलं होतं.

"हे कशाने घासतेस?" मी विचारलं. भांडायचं राहूनच गेलं.

पुढे कुंपणापलीकडून तिने एकेक गोष्ट सांगितली. ती एका हॉस्पिटलात नर्स होती. तिची आजी नदीकाठच्या गावातली, योरुबा लोकांतली. तिथली नदी म्हणजेच देवी. तिचं नाव ओशुन. तिला पिवळा रंग आवडतो, पितळ आवडतं, मध आवडतो आणि ती मुलं देते. आई पुढे ख्रिस्ती झाली, पण घरात कुणाला ताप आला की पितळेच्या भांड्यातल्या पाण्यावर चर्चमधलं स्तोत्र म्हणायची, मध्येच ओशुनला हाक मारायची आणि शेवट येशूच्या नावाने करायची. हीसुद्धा तेच करत होती. चर्चमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं. नवरा तिथल्या गाण्यांचा प्रमुख. तो या भांड्याला बायकोच्या आजीची आठवण समजायचा आणि फार खोलात शिरायचा नाही.

"दोघांचं पटतं का एका खिडकीत?" मी एकदा विचारलं.

"आंटी, तुमच्या घरात किती देव आहेत?"

"मोजलेले नाहीत."

"आणि तुम्ही मला दोघांबद्दल विचारता?"

मला हसू आवरेना. या मुलीशी आपलं जमणार, हे मला तेव्हाच कळलं.

तिला मूल हवं होतं. पूर्वी राहिलेली बाळं पोटात टिकली नव्हती. हे तिने एकदाच सांगितलं, कपडे वाळत घालता घालता, माझ्याकडे न बघता. त्यामुळे पुढच्या वर्षी ती कुंपणाशी उभी राहून पोटावर हात ठेवून नुसतीच हसली, तेव्हा मी इतक्या जोरात किंचाळले की माझा नवरा मीटिंग सोडून बाहेर आला. मग मला दुसरं काही सुचेना. तिला कैरीच्या लोणच्याचे डोहाळे लागले आणि मी बरण्या कुंपणावरून पोहोचवायला लागले. महिने सरत होते, पोट वाढत होतं आणि या खेपेला सगळं ठीक होतं. ती नवस बोलली होती. बाळ यायच्या आधी वाहत्या पाण्याला मध द्यायचा.

तेवढ्यात आमच्या क्वीन्सलंड राज्याच्या सीमा उघडल्या आणि इतके दिवस दाराबाहेर असलेला कोविड सगळ्यांच्या घरात आला. दिवस भरत आले असताना नवरा-बायको दोघंही पॉझिटिव्ह. मी दारात सूप ठेवून पळायचे. एका सकाळी तिचा फोन आला.

"आंटी, मला चव येत नाही. मध चाखून बघितला. काहीच लागत नाही."

"येईल गं परत. कोविडमध्ये होतं तसं."

"तुम्हाला कळत नाहीये. मी आता तो देऊ शकत नाही." ती रडायलाच लागली. "आणि बाळ कधीही येईल."

ती घराबाहेर पडू शकत नाही म्हणून रडते आहे, असा मी अर्थ लावला. मला अशा वेळी विचार करायची सवय नाही. "मी देते की! त्यात काय?"

"तुम्ही द्याल? तुम्हाला चव येते आहे ना?"

मला वाटलं, माझ्या तब्येतीची चौकशी करते आहे. "येते, येते. मी ठणठणीत आहे."

नदी लांब होती, तळं जवळ होतं. तळं चालेल का, यावर फोनवरच खल झाला. माझा नवरा सांडपाण्याचा इंजिनिअर. त्याने आयुष्यात पहिल्यांदा धार्मिक बाबतीत मत दिलं. म्हणाला, तळ्याचं पाणी ओढ्यात जातं आणि ओढा शेवटी नदीलाच मिळतो. देवीला पोहोचायला हरकत नाही.

तिने दारात ठेवलेली बाटली मी उचलली, सॅनिटायझरने पुसली आणि निघाले. मला कोण आनंद झाला होता! दोन वर्षांत कुणाच्या घरचं कार्य नाही, बारसं नाही, हळदीकुंकू नाही. आता कुठे कुणीतरी मला देवाचं काम सांगितलं होतं. मी चांगली पिवळी कुर्ती घातली. तळ्याच्या काठी, वॉकिंग ट्रॅकच्या खाली चपला काढल्या, फोन स्पीकरवर टाकला आणि ती तिच्या भाषेत म्हणत असताना भक्तिभावाने मध पाण्यात सोडला.

ती थांबली. "आंटी, कसा लागला?"

"काय कसा लागला?"

"मध."

"मी कशाला खाऊ? देवीचा आहे ना तो!"

मग ती हळू म्हणाली, "तुम्ही चाखला नाहीत."

आता मी तापले. आमच्या घरात नैवेद्याचा स्वयंपाक करताना त्याचा वाससुद्धा मुद्दाम घ्यायचा नाही. एकदा सत्यनारायणाच्या शिऱ्यात साखरेऐवजी मीठ पडलं, ते नैवेद्य दाखवेपर्यंत कुणाला कळलं नाही आणि नंतर सगळ्या पाहुण्यांनी तो डोळे मिटून गिळला. पण चाखून कुणी बघितला नाही! "देवीला मी उष्टं देऊ?" मी तळ्याकाठी ओरडले. कुत्रा फिरवणारा एक म्हातारा थांबला. "ऑल गुड, मेट?" त्याने विचारलं. "नो वरीज!" मी त्याच्यावरही ओरडले.

"आंटी, ऐका," ती म्हणाली. तिला धाप लागत होती. "एकदा कुणीतरी देवीला मधातून विष घालायला निघालं होतं. तेव्हापासून देणाऱ्याने आधी चाखायचा, तिच्यासमोर. यात काही असेल तर आधी मला होऊ दे, असं म्हणून. न चाखता दिलेला मध ती घेत नाही."

दोन वर्षं आम्ही एकमेकांचे डबे पुसून घेत होतो, शिंक आली तरी लांब सरकत होतो. आणि ही मुलगी सकाळपासून रडत होती ती चव गेल्यामुळे आपल्याला देवीच्या आधी पुढे होता येत नाही म्हणून.

बाटलीच्या तळाशी थोडा मध उरला होता. मी बोट घातलं. लहानपणापासूनचं सगळं अंगात आडवं येत होतं. बोट चाटलं. "गोड आहे," मी फोनमध्ये म्हणाले. "मला नाही, तिला सांगा," ती म्हणाली. म्हणून मी तळ्याकडे बघून मोठ्याने मराठीत सांगितलं, "गोड आहे गं बाई, घे." आणि उरलेला मध पाण्यात सोडला. फोनमधून तिचं स्तोत्र पुन्हा सुरू झालं, ओशुनचं नाव आलं, शेवटी येशूचं आलं आणि "आमेन" मीच तिच्याआधी म्हणून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याने कुंपणावर धाडधाड मूठ आपटली. कळा सुरू झाल्या होत्या. तो पॉझिटिव्ह, त्याला हॉस्पिटलात आत जाता येणार नव्हतं. निगेटिव्ह असलेलं एकच माणूस तिच्याजवळ चालणार होतं.

"मी," मी म्हणाले.

"तुला दमा आहे," माझा नवरा म्हणाला. तो चिडला नव्हता, घाबरला होता. मी पंप पर्समध्ये टाकला आणि गाडीची चावी घेतली.

गाऊन, मास्क, तोंडावर प्लास्टिकची काच. ती बिछान्यात आणि माझा हात तिच्या मुठीत. कळ आली की ती ओशुनला बोलवायची, कळ ओसरली की येशूचे आभार मानायची आणि मधल्या वेळात फोनवर नवऱ्याला झापायची. मीही तोंडाला येईल त्या देवाचं नाव घेत होते. माझ्या काचेवर वाफ धरली होती, मला धड दिसत नव्हतं, पण त्या खोलीतून मला कुणी ओढूनही बाहेर काढू शकलं नसतं. मिडवाइफ म्हणाली, "नाऊ, डार्लिंग, नाऊ!" आणि मग एकदम तो आवाज आला. चिडलेला, भरदार, जिवंत रडण्याचा आवाज.

"मुलगी!" मीच ओरडले. फोनमध्ये तिचा नवरा गायलाच लागला. मी नाचत होते, रडत होते आणि काच पुसायची म्हणून बाहेरून पुसत होते.

बाळ तिच्या छातीवर ठेवलं. तिने त्याच्या ओल्या जावळात नाक खुपसलं. थांबली. परत खुपसलं. मग तिने वर पाहिलं आणि तिचा चेहरा बघून मी नाचायची थांबले.

"आंटी, मला हिचा वास येत नाही."

मिडवाइफने माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम खिडकीकडे वळली. मी तोंडावरची काच वर केली. मास्क हनुवटीवर ओढला आणि वाकून बाळाच्या टाळूवर नाक ठेवलं.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"दुधाचा," मी म्हणाले.

"नीट सांगा."

मी पुन्हा वास घेतला. "उकळी यायच्या आधीच्या दुधाचा. आणि भिजवलेल्या कणकेचा. गरम आहे."

"अजून?"

"आणि तुझा."

ती हसता हसता रडायला लागली. बाळ तिच्या छातीवर वरखाली व्हायला लागलं.

"परत घ्या," ती म्हणाली. "परत सांगा." मी परत वाकले.