बर्फावरचं कोकम

ओमानमधल्या जबल शम्स डोंगरावर बर्फ पडल्याचे फोटो बुधवारी मोबाइलवर आले आणि मस्कतमधल्या अल् घुब्रातली आमची अख्खी बिल्डिंग हुरळली. मार्च तोंडावर आलेला, त्यामुळे शुक्रवारच्या सुट्टीपर्यंत बर्फ टिकला तर टिकला. माझ्या आठ वर्षांच्या लेकीचा एकच हट्ट होता. जिथे कुणीच चाललेलं नाही अशा बर्फावर तिला पहिलं पाऊल उमटवायचं होतं. "नक्की," असं मी म्हणून बसले. वर बर्फाचा गोळा करून खायची टूमही माझीच. कोकम सरबताची बाटली मी आधी पिशवीत टाकली, मग स्वेटर.

नवरा सोहारला शिफ्टवर होता, म्हणून आम्ही दोघी वरच्या मजल्यावरच्या जोडप्याच्या गाडीतून गेलो. गाडी लावून डोंगराची वाट धरली. वाटेच्या खुणा दगडांवर रंगवलेल्या असतात, त्या बर्फाखाली गेल्या होत्या. पण चुकायची भीती नव्हती. चिप्सची पाकिटं, ओले टिश्यू आणि एक भरलेला डायपर आम्हाला रस्ता दाखवत होते. सावलीत पाय घसरत होता, उन्हात घोट्यापर्यंत राखाडी रबडा. त्यात बकऱ्यांच्या लेंड्या. एका झुडपामागचा बर्फ तर पिवळाजर्द. माणसं एवढ्या लांब येतात ती काय हे करायला?

"वहिनी, काढा बाटली!" शेजारी म्हणाले. "इथला बर्फ बरा दिसतोय. यल्ला, चला!"

त्यांनी हातानेच बर्फ खरवडून कागदी ग्लासांत दाबला. मी कोकम ओतलं आणि पहिला घास घेतला. जिभेला काहीतरी मऊ लागलं. थुंकले. लेंडी होती.

"ऑरगॅनिक आहे हो!" शेजारी पोट धरून हसले. त्यांच्या बायकोने त्यातही सेल्फी काढला. मी शहारून हातातला ग्लास लांब भिरकावला आणि तोंड धूत बसले. ग्लासातलं कोकम उतारावर लांबलचक ओघळलं.

लेकीने गोळा घेतलाच नव्हता. ती पुढे चढत होती. एका मोठ्या दगडाआड तिला चटईएवढा बर्फ सापडला, कोराच्या कोरा. तिने हाका मारल्या तशी मी धापा टाकत पोचले.

"ठेव पाय," मी म्हटलं. दिलेला शब्द पाळला गेला, म्हणून माझा जीव भांड्यात पडला होता.

तिने बूट उचलून तळवा पाहिला. काळा चिखल, लेंड्या. पाय होता तिथेच खाली ठेवला.

"नको, आई. मी पण डर्टी करेन."

"तू कशाला घाण करशील गं?"

तिने उतारावरच्या लाल ओघळाकडे बोट दाखवलं. "तो ग्लास तुझा आहे ना?"

मला माझीच शिसारी आली. खाली उतरून मी ग्लास उचलला आणि पिशवीत कोंबला. लाल बर्फ बुटाने खरवडायला गेले, तर तो आणखी पसरला. लेक वरून बघत होती.