दोन मग पाणी

माझ्या मामाला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ आहे की नाही, हे तो दोरी न लावता सांगे. माणूस सरळ आहे की नाही, हेही सांगे आणि तेही तोंडावर, त्यामुळे मित्र कमीच होते. चाळीस वर्षं सिमेंटमध्ये हात घातल्यावर तो काँक्रीटच्या लाद्या ओतणाऱ्या एका कारखान्यात मुकादम झाला. तिथल्याच तपासणीच्या खोलीत मी यंत्राखाली ठोकळे फोडून त्यांची ताकद मोजत असे. "शिकून शिकून भाची शेवटी फोडाफोडीच करते," असं तो चारचौघांत सांगे. मला राग येई, पण खोटं काय होतं त्यात?

त्या वर्षी कारखान्यात सिमेंटशिवायचं काँक्रीट आलं, जिओपॉलिमर. त्यात वीजकेंद्रातली राख, लोखंडाच्या भट्टीतली मळी, म्हणजे स्लॅग, आणि त्यांना बांधून ठेवायला कॉस्टिक सोडा नि सोडियम सिलिकेटचं द्रावण. आम्ल सिमेंटला जसं खातं तसं याला सहजी खात नाही, आगीतही ते जास्त तग धरतं. मामाने राख चिमटीत घेऊन फुंकली. "घराची राख झालेली पाहिलीय. राखेचं घर पहिल्यांदाच बघतोय."

पण ठोकळे फुटायला सिमेंटपेक्षा जास्त भार लागला, तेव्हा तो मुकाट्याने कामाला लागला. जुनी सवय मात्र सुटेना. सिमेंटच्या लादीवर आठवडाभर पाणी मारावं लागतं, याला प्लास्टिकखाली नुसती ऊब लागते. तरी सकाळी तो पाइप घेऊन यायचा, मध्येच थबकायचा आणि आपण काही केलंच नाही अशा चेहऱ्याने परत जायचा.

मग बॅटरीच्या कारखान्याचं काम आलं. आम्लाच्या गटारावर बसवायची चोवीस झाकणं. त्यांच्यावरून माणसांनी दिवसभर ये-जा करायची होती. ती एका दिवसात ओतली. सुरुवातीच्या मालातून मी ठोकळे भरून घेतले. तिसऱ्या दिवशी ते फोडले, उत्तम निघाले, आणि मी तपासणीच्या कागदावर सही केली.

त्याच संध्याकाळी मामा खोलीत आला आणि त्याने दार लावून घेतलं.

"मी पाणी घातलं."

"कशात?"

"सातव्या झाकणाच्या मालात. दोन मग. तू ठोकळे घेऊन गेल्यावर माल घट्ट व्हायला लागला. हात आपोआप गेला गं."

जास्तीचं पाणी सिमेंटलाही बाधतं, पण किती खपतं हे मामाच्या हाताला पाठ होतं. इथे पाण्याने बांधणारं द्रावणच पातळ होतं. वरून लादी गुळगुळीत दिसते आणि आत कमजोर राहते.

"मामा, ठोकळे पास झालेत. सही झालीय. कोणाला कळणार आहे?"

हे मी म्हणाले. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

"ज्याचा पाय आत जाईल त्याला कळेल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्या झाकणातून गोल तुकडा कापला आणि यंत्राखाली ठेवला. निम्म्या भारातच तो फुटला. मामाने साहेबांना बोलावलं, सगळ्या माणसांना उभं केलं आणि काय केलं ते चढ्या आवाजात सांगितलं. साहेब समजूतदार होते. "एक झाकण फोडू, नवं ओतू. विषय संपला."

तेव्हा मिक्सरवाला पुढे आला. मामाच्याच हाताखाली तयार झालेला, पन्नाशीचा माणूस.

"एक नाही, साहेब. मिस्त्रींनी पाणी घातलेलं आम्ही पाहिलं. वाटलं, असंच करायचं असतं. पुढच्या प्रत्येक मालात घातलं."

म्हणजे सातव्यापासून चोविसाव्यापर्यंत. अठरा झाकणं.

मामाच्या तोंडचं पाणीच पळालं. एका झाकणाचा अपमान गिळायची तयारी करून तो आला होता. मला वाटलं, आता हा त्यांच्यावर भडकणार. पण तो हळू आवाजात म्हणाला, "तुमचा दोष नाही. माझा हात बघूनच शिकलात तुम्ही."

अठरा झाकणं फोडायला दीड दिवस लागला. तो कारखानाभर घुमणारा आवाज ऐकत मामा तिथेच उभा राहिला, पाणी प्यायलाही गेला नाही. मग त्याने मुकादमी आपणहून सोडली. ती मिक्सरवाल्याला मिळाली, आणि त्याला ती नकोशी झाली होती हे त्याच्या चालण्यावरून दिसत होतं.

सोमवारी मामा नेहमीच्या वेळेला आला. नव्या मुकादमासमोर हात मागे बांधून उभा राहिला.

"माल घट्ट झाला तर काय करायचं, मुकादम?"

मामा खरोखर उत्तराची वाट बघत होता.

"माल थोडा थोडाच कालवायचा, मिस्त्री. तरी घट्ट झाला तर... टाकून द्यायचा."

मामाने मान हलवली.

"सगळा?"

"सगळा."