दहापैकी सहा

आमचे हे इंग्रजीचे मास्तर. चौतीस वर्षं चेन्नईतल्या शाळेत निबंध तपासले, पण दहापैकी पाचाच्या वर कधी कुणाला दिले नाहीत. पालक भांडायला आले की हे शांतपणे सांगायचे, सुधारायला जागा आहे. घरीही तोच हात. मी सोलापूरची, हे तंजावूरच्या मराठी घरातले. सांबार आपल्याच पूर्वजांनी शोधलं अशी त्या घराची ठाम समजूत. माझ्या पहिल्या सांबाराला तीन मिळाले. एकेचाळीस वर्षांत मी साडेचारांपर्यंत पोचले, तेही पाहुण्यांसमोर.

यांचा कॅन्सर मणक्यात उतरला तेव्हा डॉक्टरांनी आता उपाय थांबवू म्हणत आम्हाला अण्णा नगरच्या घरी पाठवलं. मग घरी येऊन दुखणं सांभाळणारी एक सिस्टर आठवड्यातून दोनदा येऊ लागली. तमिळ, ठेंगणी, स्कूटरवरून यायची, चपला दाराशी जोडून ठेवायची. आल्या आल्या विचारायची, सार, दुखतंय किती, शून्य ते दहा? हे डोळे मिटून, समोर वही असल्यासारखा विचार करायचे आणि सांगायचे, तीन. ती फाइलमध्ये तीन लिहायची आणि तिनाला पुरेल एवढंच औषध मिळायचं.

मीही खूश. तीन म्हणजे निभतंय की! कुशीवर वळवताना हे उशीचा अभ्रा दातांत धरायचे, आणि बावळट मी, त्याला यांचा हट्टीपणा समजत होते.

एका मंगळवारी सिस्टरने विचारलं आणि हे म्हणाले, "सहा."

मी हातातला कॉफीचा टंबलर खाली ठेवला. सिस्टरने सहा लिहायला पेन टेकवलं तसा मी तिचा हातच धरला.

"या माणसाने जन्मात कुणाला सहा दिलेले नाहीत," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले. "यांचे सहा म्हणजे तुमचे दहा."

तिने फाइलची मागची पानं उलटली. एवढे दिवस तीन, तीन, तीन. दोघींनी वर पाहिलं तर हे छताकडे बघत होते. असं का केलंत, मी ओरडूनच विचारलं. त्यावर उत्तर काय, तर आधीच दहा दिले तर पुढे काय देणार. माझा इतका संताप झाला की आजारी माणूस आहे हे विसरून मी यांना मेल्या म्हणाले. लग्नानंतर पहिल्यांदाच.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि मॉर्फिन वाढलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दहीभात खाऊन हे चक्क घोरले. त्या घोरण्याला मी आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या. त्या दुपारी खुर्ची ओढून ऐकत बसले आणि रडले.

संध्याकाळी चहा पाजताना विचारलंच, मला किती? निर्लज्ज माणसाने बराच वेळ घेतला.

"साडेपाच."

पाचाच्या वरचे अर्धे कशाचे, मी विचारलं. यांनी उशाजवळच्या, मी औषधांच्या वेळा लिहायच्या त्या वहीकडे बोट केलं. अक्षराचे. पुढच्या जन्मी चित्रकलेचा मास्तर बघून लग्न करीन, मी म्हटलं, ते सढळ असतात. हे हसले. पुढचा महिना बरा गेला, आणि मग हे गेले.

तेरावा झाल्यावर सिस्टर पुन्हा आली. मागे राहिलेल्याचीही विचारपूस करायची त्यांची पद्धत आहे. चपला जोडून ठेवल्या, पण बसली नाही. तिला पुढे अड्यारला जायचं होतं. अम्मा, तुम्हाला किती, तिने विचारलं.

मी डोळे मिटून नीट विचार केला.

"सहा," मी म्हणाले.

तिने स्कूटरची किल्ली पिशवीत टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसली.