सासऱ्यांचं नाव

लांजीकडच्या त्या गावात सभेत नावं वाचावीत ती रुख्माबाईनंच. तिच्यासारखे निवडून आलेले पंच होते चिक्कार, पण सचिवाचा आवाज पुढच्या रांगेतच विरे आणि हिचा पार पलीकडच्या गोठ्यापर्यंत जाई. शेतीसाठी सरकारचे पैसे ज्यांना मिळतात त्यांची नावं वर्षातून एकदा पंचायतीच्या ओट्यावरून वाचायची. ती नाव घेई, "कोनाची हरकत?" विचारी, जरा थांबे, मग पुढचं नाव. पैसा कोणाला जातो ते गावानं आपल्या कानांनी ऐकावं, एवढाच हेतू.

एका नावाशी मात्र गाडी अडे. सासऱ्यांच्या. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये ही रीत तिथं अजून पाळतात. तूर्त आपणही घेऊ नये. रुख्माबाई पदर सावरून म्हणे, "आमच्या घरचे मोठे." बाया तोंडाला पदर लावून हसत, बाप्येही हसत, आणि त्या हसण्यात हरकत विचारायची राहून जाई.

सासरे जंगलखात्यात नाकेदार होते. आता चांगली पेन्शन घेऊन घरी होते. अशी पेन्शन असणाऱ्याला हे पैसे मिळत नाहीत, हे सचिव सभेच्या सुरुवातीलाच सांगे. रुख्माबाईला ते कळत नव्हतं असं मुळीच नाही. पण "बाई सभेत काय बोलणार?" म्हणणाऱ्यांना याच माणसानं गप्प केलं होतं. तिला निवडणुकीत उभं केलं होतं, संध्याकाळी समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावलं होतं. त्यांच्याकडे बोट कसं दाखवावं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि झाकायला रीत आयतीच हाताशी होती.

मागच्या वर्षी फकिराचं नाव तिनं खणखणीत वाचलं, तसा बाबूलाल उठला. म्हणाला, हा पोराकडे नागपूरले राहते, शेत दुसराच कसते. साफ खोटं. फकिरा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेला होता आणि परत आला होता. पण हरकत ती हरकत. चौकशी लागली, हप्ता थांबला. फकिरा खरा ठरेपर्यंत रोवणी होऊन धान कापणीला आलं होतं.

यंदा पुन्हा तीच जागा आली. "आमच्या घरचे मोठे," रुख्माबाई म्हणाली. हशा झाला. फकिरा तेवढा हसला नाही. तो उठून उभा राहिला. भांडायचं त्याच्या मनात नव्हतं, त्याला खरंच विचारायचं होतं.

"बाई, माह्यं नाव आयकलं म्हनून लोकायनं हरकत घेतली. त्यायचं नाव कोनी आयकतच नाही, तं हरकत कोन घेईन?"

"सून कशी नाव घेईन बे? काही बी बोलून राह्यला!" बाबूलाल खेकसला.

"हौ, तं सचिवानं घ्यावं. मले चालते."

सचिवानं कागदासाठी हात पुढे केला. दिला असता तर रुख्माबाई सुटली असती. सासरे पुढच्याच रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. तिला लाज वाटली, इतकी वर्षं बाकीच्यांची नावं मोठ्यानं घेतल्याची. तिनं कागद दिला नाही.

"महागू वल्द सखाराम," तिनं बापाच्या नावासकट वाचलं. गोठ्यापर्यंत गेलं. "कोनाची हरकत?"

कोणी हसलं नाही. कोणी बोललंही नाही. बाबूलाल जमिनीकडे पाहत होता. नाकेदाराचा मान गावात मोठा होता आणि फकिराला विचारायचं ते विचारून झालं होतं. रुख्माबाई थांबली. नेहमीपेक्षा बरीच जास्त थांबली.

"मंग माही लिहा," ती सचिवाला म्हणाली. "त्यायले पेन्शन हाये."

महागूजींनी हनुवटी काठीवरून उचलली. सुनेकडे पाहिलं. ते उठून जातील असं साऱ्यांना वाटलं, तिला तर नक्कीच.

"पुढचं वाच, बाई," ते म्हणाले. "लोकं उन्हात बसले हायेत."

तिनं पुढचं नाव वाचलं. पण ते दुसऱ्या रांगेलाही ऐकू गेलं नाही.