परवाच्या पेढ्यांचा खुलासा

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तेव्हा घरटी एक तरी मुलगा सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि मी गुरूच्या एका चंद्राभोवतीची हवा शोधत बसले होते. हवा म्हणणंही जास्तच झालं. उन्हाने फुटलेल्या अणूंचा, विजेचा भार असलेला एक विरळ थर तिथे आहे की नाही, एवढाच प्रश्न. परदेशी यान त्या चंद्राच्या आड जाताना त्याचा रेडिओ संदेश चंद्राच्या कडेवरून पृथ्वीकडे येतो. थर असेल तर संदेश किंचित बदलतो. त्या नोंदी सीडीवर विद्यापीठात आल्या होत्या आणि त्या ‘किंचित’वर माझी पीएचडी उभी होती.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. एका कंपनीने मला नोकरी देऊ केली तेव्हा त्यांनी स्वच्छ सांगितलं, “दिवाळीपर्यंत काही सापडलं तर शिकत राहा. नाहीतर नोकरी धरायची.” मी चिडले, दोन दिवस बोलले नाही, पण अट मान्य केली. न करून सांगते कुणाला!

आणि दिवाळीच्या तोंडावर सापडलं. आलेखात नेमका चंद्राच्या कडेपाशी छानसा उंचवटा. घरी सांगितलं तर बाबांनी चष्मा पुसला आणि पेपरात डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पेढे आणून तिन्ही मजल्यांवर स्वतः वाटत फिरताहेत! मी थक्क झाले.

मग माझे गाइड सर गावाहून परतले. आलेख बघून त्यांनी एकच विचारलं, “अहो बाई, संदेश पकडला त्या अँटेनापाशी तेव्हा किती वाजले होते?”

“रात्र होती, सर.”

“कुणाची? तुमच्या बिबवेवाडीची?”

संदेश शेवटी पृथ्वीच्या हवेतूनच खाली येतो. आपल्याही डोक्यावर तसाच थर आहे, आणि सूर्य उगवला की तो झपाट्याने दाट होतो. तो वजा करताना मी वेळ इथली धरली होती. अँटेना होती जगाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिथे तेव्हा उजाडत होतं. वजाबाकी पुन्हा केली. उंचवटा गेला, उरली नुसती खरखर. गुरूपाशी सापडलेलं सगळं आपलंच होतं. विश्वासच बसेना. रडूसुद्धा येईना.

घरी येताना स्वारगेटला बसचा कंडक्टर म्हणाला, “ओ ताई, उतरा आता, गाडी पुढं जात नाही.” तेव्हा कुठे मी भानावर आले.

घरी सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “मी पेढे वाटलेत.”

“माहितीये, बाबा.”

ते उठले, बनियनवर शर्ट चढवला, चपला शोधू लागले.

“कुठे निघालात?”

“पेढे घरोघर दिले. खुलासा घरोघर द्यायला नको?”

“अहो बाबा, नका ना! कुणाला काय कळणारे त्यातलं?”

“मला कळलंय ना,” म्हणाले आणि निघालेसुद्धा.

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागोमाग जिन्यात गेले, पण खाली उतरायची हिंमत होईना. खालच्या मजल्यावर बेल वाजली.

“अहो, परवाची बातमी चुकली. मुलीला सापडलं ते आपल्याच पृथ्वीचं निघालं.”

“असं होय!” खालचे काका म्हणाले. “पेढे तर आम्ही संपवले.”

“पेढे बरोबर होते.”

काका हसले. “मग आता नोकरीच म्हणा की.”

मी कठडा घट्ट धरला. अट बाबांचीच होती आणि ती मी हरले होते.

“नोकरी कसली?” बाबांचा आवाज चढला. “काम अर्धं राहिलंय तिचं. आत्ता कुठे आपलं आकाश वजा झालंय.”

मी कठडा सोडला. खाली पुढच्या दाराची बेल वाजली.